साथीच्या निर्बंधांत बागकाम व्यवसाय: परवानगी आणि मदतीचे अर्ज

साथीमुळे निर्बंध लागले की बागकाम व्यावसायिकाला दोन अर्जांचा विचार करावा लागतो. एक काम चालू ठेवण्याच्या परवानगीचा आणि दुसरा बुडालेल्या उत्पन्नासाठी मदतीचा. दोन्हींचे निकष निराळे, कागदपत्रेही निराळी.

परवानगीसाठी आधी आदेशात बागकाम कोणत्या गटात आहे ते पाहावे. हा गट बदलत राहतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एप्रिल २०२० मध्ये लँडस्केपिंगची कामे बंद होती, २४ एप्रिलच्या नव्या आदेशाने ती अटींसह सुरू झाली. त्यामुळे पहिला आदेश वाचून थांबू नका, प्रत्येक सुधारित आदेश तपासा.

अर्जात ‘बाग सुशोभीकरण’ एवढेच लिहिलेत तर ते काम पुढे ढकलण्याजोगे वाटते. कामे सुटी करून लिहा. रस्त्यावर कललेले झाड उतरवणे, फुटलेली पाण्याची लाइन दुरुस्त करणे, रोपवाटिकेतली रोपे जगवणे ही तातडीची कामे आहेत. नवी हिरवळ किंवा कारंजे यांचा उल्लेख वेगळा करा. रोपांना चार दिवस पाणी मिळाले नाही तर वर्षभराची मेहनत जाते, हे अर्जात स्पष्ट शब्दांत लिहायला संकोचू नका.

सोबत व्यवसाय नोंदणी, कामगारांची ओळखपत्रे, वाहनाची कागदपत्रे, कामाच्या जागेचा पत्ता, ग्राहकाचे संमतीपत्र आणि एक पानी सुरक्षा योजना तयार ठेवा. एका गाडीत किती जण बसणार, अवजारे कोण वापरणार, पैसे कसे घेणार हे योजनेत यावे.

मदतीच्या अर्जात खरी अडचण हंगामाची असते. आपली कमाई काही महिन्यांतच एकवटते, त्यामुळे चुकीच्या महिन्यांची सरासरी धरली तर नुकसान दिसतच नाही. अमेरिकेच्या २०२० मधल्या पगार संरक्षण कर्जयोजनेत रक्कम सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीचपट धरत. हंगामी व्यवसायांना त्यासाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०१९ या काळातले सलग कोणतेही १२ आठवडे निवडायची मुभा मिळाली होती. अशी तरतूद आहे का, हे अर्ज भरण्याआधीच विचारा. नसेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणारा तक्ता स्वतःहून जोडा.

पात्रतेत बहुधा निर्बंधांपूर्वी व्यवसाय सुरू असल्याचा पुरावा मागतात आणि तिथे नवे लोक अडकतात. ब्रिटनच्या स्वयंरोजगार मदत योजनेत २०१९-२० मध्ये काम सुरू केलेल्यांना पहिले तीन हप्ते मिळाले नाहीत. चौथ्या हप्त्यात त्यांचा विचार झाला, पण २ मार्च २०२१ पर्यंत त्या वर्षाचे विवरणपत्र भरलेल्यांचाच. म्हणून उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र वेळेत भरा.

या अर्जासाठी कर विवरणपत्रे, महिनावार बँक उतारे, पगारपत्रक, रद्द झालेल्या कामांचे करार किंवा संदेश आणि वाया गेलेल्या रोपांची तारीखवार यादी फोटोंसह ठेवा. रोख व्यवहार असेल तर पावत्या आजपासूनच लिहायला लागा, मागाहून लिहिलेली वही पुरावा म्हणून टिकणे कठीण.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. फेरतपासणीची मुदत त्याच पत्रात असते आणि ती बहुधा थोड्या दिवसांची असते.