गार्ड्सची निशाणे : पाकीट परत पाठवण्यापूर्वी हे वाचा

आमच्याकडे परत येणाऱ्या, 28 मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांसाठीच्या कागदी निशाणांच्या पाकिटांत एक चिठ्ठी हमखास असते : “राजाचे आणि पलटणीचे निशाण उलटसुलट छापले आहे.” छपाई बरोबर आहे. गार्ड्सची, म्हणजे ब्रिटिश राजाच्या खास पलटणींची, रीतच वेगळी आहे.

नेपोलियनच्या काळातील साध्या ब्रिटिश पायदळात राजाचे निशाण म्हणजे अख्खे युनियन (ब्रिटनचा ध्वज), आणि पलटणीचे निशाण गणवेशाच्या कॉलर-कफांच्या रंगाचे, कोपऱ्यात छोटे युनियन. फर्स्ट गार्ड्स, कोल्डस्ट्रीम आणि थर्ड गार्ड्स या तिन्ही पायदळी गार्ड पलटणींत याच्या बरोबर उलट असते : राजाचे निशाण किरमिजी, पलटणीचे युनियन. युनियनच्या मध्यावर कंपनीचे चिन्ह असते, त्यामुळे दोन पाकिटांतली चिन्हे वेगळी दिसली तर ती चूक समजू नका. लंडनमध्ये दर जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनात आजही गार्ड्सचे किरमिजी निशाण मिरवले जाते, ते पाहून खात्री करता येईल.

दुसरी विचारणा “वॉटर्लू” या शब्दाची. 18 जून 1815 च्या लढाईत जी निशाणे होती त्यांवर तो असणे शक्य नाही, कारण लढाईचे नाव निशाणावर घालण्याचा तो मान लढाईनंतर मिळाला. “ग्रेनेडियर” हे नावही फर्स्ट गार्ड्सना त्याच वर्षी, लढाईनंतरच मिळाले. “इजिप्त” आणि स्फिंक्स हा 1802 चा मान फक्त कोल्डस्ट्रीम आणि थर्ड गार्ड्सचा. फर्स्ट गार्ड्सच्या निशाणावर तो मागू नका. तो आम्ही छापणार नाही.

वर्ष कळवायला मात्र विसरू नका. युनियनमधला तिरका लाल पट्टा 1801 मध्ये आला. 1793 च्या लिन्सेलच्या लढाईसाठी वॉटर्लूचे पाकीट लावले तर सगळी मेहनत वाया जाते. आमच्याकडे दोन्ही आहेत.

“फार मोठे दिसते” ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण खरे निशाणच तेवढे होते : काठीलगत 6 फूट, फडकत्या बाजूने साडेसहा फूट, जवळपास चौकोनी. काठी भाल्याच्या टोकासह 9 फूट 10 इंच. 28 मिमी सैनिकांच्या 1:56 प्रमाणात ते 33 × 35 मिमी आणि काठी सुमारे 53 मिमी होते. निशाण कातरून लहान करू नका, काठी लांब घ्या.

आता लावण्याबद्दल. दोन्ही बाजू आणि मधली 3 मिमीची पट्टी धरून कागद सुमारे 74 मिमी लांब आहे. पट्टीच्या दोन्ही रेघांवर बोथट सुरी हलकेच फिरवून घडी पाडा आणि घडी कोरडीच जुळवून पाहा. मग 1 मिमी पितळी तार पट्टीवर ठेवून, थोडे पाणी घातलेला फेविकॉल कागदाच्या आतल्या बाजूला कडेपर्यंत लावा. कडा सुटतात त्या मध्यावर कमी लावल्याने नव्हे, कोपऱ्यांत कमी लावल्याने. गोंद ओला असतानाच ब्रशच्या दांड्याभोवती वळवून लहरी पाडा. वाळल्यावर वळवले तर कागदाला चीर जाते. कापलेली पांढरी कड त्या-त्या रंगाने रंगवा.

आमच्या पानाची घरच्या इंकजेटवर प्रत काढू नका. ओल्या गोंदात लाल शाई पांढऱ्या पट्ट्यात पसरते. म्हणूनच आम्ही लेझर छपाई करतो. एकाच बाजूची प्रत दोनदा चिकटवणे तर त्याहून वाईट. युनियनच्या दोन्ही बाजूंना काठीजवळच्या वरच्या चतुर्थांशात रुंद पांढरा पट्टा लाल पट्ट्याच्या वर हवा, आणि तशी प्रत लावली की मागच्या बाजूला तो खाली जातो. आमच्या पानावर दोन्ही बाजू त्या हिशेबानेच छापलेल्या असतात.

वॉटर्लूसाठी मागणी करताना बटालियन लिहा : मेटलँडच्या ब्रिगेडमध्ये फर्स्ट गार्ड्सची दुसरी आणि तिसरी, बिंगच्या ब्रिगेडमध्ये कोल्डस्ट्रीम आणि थर्ड गार्ड्स यांची प्रत्येकी दुसरी. चारही एकत्र मागवल्यास किरमिजी आणि सोनेरी गोंड्यांचा दोरा सोबत देतो.