ईरी सरोवरावरील वॉलआय चार्टर

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवरात वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्यासाठी परवानाधारक कप्तानाची बोट दिवसभरासाठी भाड्याने घेतात, त्या सफरीला तिकडे नुसते ‘चार्टर’ म्हणतात. भाड्यात बहुधा बोट, गळकाठ्या आणि गळ-दोऱ्यांचे सगळे सामान येते. खरे मोल असते ते कप्तानाच्या अंदाजाचे: आज मासा कुठे आहे आणि किती खोल आहे याचे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले पोर्ट क्लिंटन हे या धंद्याचे मोठे ठाणे. हे गाव स्वतःला ‘वॉलआयची जागतिक राजधानी’ म्हणवते. मिनेसोटा राज्यातली काही गावेही हाच मान सांगतात.

वॉलआय (सँडर व्हिट्रियस) हा पर्च कुळातला शिकारी मासा. अंगावर शेवाळी-सोनेरी झाक, पोट पांढरे, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि तोंडात अणकुचीदार दात. कॅनडात त्याला पिकरेल म्हणतात, पण खऱ्या पिकरेल माशाशी त्याचे नाते नाही. इंग्रजी नाव पडले डोळ्यावरून. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे रात्री विजेरीचा झोत पडला की डोळा मांजराच्या डोळ्यासारखा चमकतो. आपल्याकडच्या जिताड्याचे डोळेही अंधारात असेच चमकतात, मात्र दोघांचे कूळ वेगळे. या डोळ्यामुळे वॉलआयला झुंजूमुंजू उजेडात, तिन्हीसांजेला आणि गढूळ पाण्यात भक्ष्य नीट दिसते. कडक उन्हात आरशासारख्या शांत पाण्यात तो बहुधा खाली राहतो. म्हणून हलक्या लाटा उठलेला ढगाळ दिवस कप्तानांना आवडतो.

ईरी हे पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ. क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौ. किमी, पण सरासरी खोली जेमतेम 19 मीटर; पश्चिमेकडच्या भागात तर सरासरी 7 ते 8 मीटरच. उथळ पाणी लवकर तापते, त्यात खाद्य भरपूर तयार होते आणि मासा पोसतो. मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय मॉमी आणि सँडस्की या नद्यांत शिरून, तसेच पश्चिम भागातल्या खडकाळ उंचवट्यांवर अंडी घालतो. वीण आटोपली की मोठे मासे थंड, खोल पाण्याच्या शोधात पूर्वेकडे सरकतात. त्यांच्या मागोमाग चार्टरचा हंगामही पोर्ट क्लिंटनकडून ह्युरन, लोरेन, क्लीव्हलँड असा पुढे जातो.

हाच उथळपणा धोक्याचाही आहे. वारा जरा वाढला की आखूड, उभ्या लाटा एकापाठोपाठ एक बोटीवर आदळतात. दमदार नैर्ऋत्य वारा बराच वेळ वाहिला तर पाणी पश्चिमेच्या टोलेडोकडून पूर्वेच्या बफेलोकडे ढकलले जाते आणि दोन टोकांच्या पातळीत 2 मीटरहून अधिक फरक पडू शकतो. पहाटे धक्क्यावर उभे राहून कप्तान ‘आज जायचे नाही’ म्हणाला, तर लांबून आलेल्या मंडळींना वाईट वाटते. पण तो शब्द अखेरचा मानावा, त्यावर हुज्जत घालू नये.

मासेमारीच्या मुख्य रीती दोन. जुनी रीत म्हणजे इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर वाहू द्यायची आणि गांडूळ लावलेला चकाकता गळ हाताने फेकायचा. ‘ईरी डिअरी’ हा या कामाचा प्रसिद्ध गळ. गळ पाण्यात पडला की तो बुडेपर्यंत मनात आकडे मोजायचे आणि मग दोरी गुंडाळायला लागायचे. ज्याला मासा लागला त्याने आपला आकडा मोठ्याने सांगायचा, म्हणजे बाकीचेही तेवढेच मोजून त्याच खोलीवर गळ नेतात. बोटीवरच्या अनोळखी माणसांची ओळख पुष्कळदा या आकड्यावरूनच सुरू होते.

दुसरी रीत ट्रोलिंगची. बोट ताशी 2 ते 4 किलोमीटर वेगाने चालते आणि मागे अनेक दोऱ्या ओढल्या जातात. त्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून प्रत्येक दोरीला एक छोटी तरंगती फळी अडकवतात. पाण्याच्या दाबाने ती बोटीपासून आडवी लांब जाते. रिळावरचा काटा किती फूट दोरी सुटली ते दाखवतो, त्यावरून गळाची खोली ठरते. वॉलआय दर वेळी जोराचा हिसका देईलच असे नाही. रांगेने चाललेल्या फळ्यांपैकी एक हळूच मागे पडू लागते, एवढीच काय ती खूण. नवख्याला ती दिसतही नाही. खलाशी मात्र तोवर काठी उचलून एखाद्या पोराच्या हातात देऊन मोकळा होतो. मग घाई न करता, दोरी कुठेही सैल न सोडता गुंडाळत राहायचे आणि मासा बोटीलगत आला की लांब दांड्याच्या हातजाळीत घ्यायचा.

छोट्या चार्टर बोटीवर कप्तानाच्या परवान्यानुसार भाडेकरू प्रवासी 6 पर्यंतच घेता येतात. प्रौढ प्रवाशाला मासेमारीचा परवाना लागतो. ओहायोच्या पाण्यात अलीकडच्या वर्षांत माणशी दिवसाला 6 वॉलआय आणि लांबी किमान 15 इंच अशी मर्यादा आहे. सरोवरातून कॅनडाची सीमा जाते. पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टॅरिओचा परवाना हवा.

आजची ही सुबत्ता आयती मिळालेली नाही. सांडपाणी आणि डिटर्जंटमधल्या फॉस्फरसने 1960च्या दशकात शेवाळ माजले, तेव्हा ईरी ‘मेले’ असे सर्रास म्हटले जाई. 1970 मध्ये माशांत पारा सापडला आणि वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली. ओहायोत व्यापारी जाळ्यांसाठी ती पुन्हा खुली झालीच नाही. तिकडच्या हॉटेलांत मिळणारा ईरीचा वॉलआय कॅनडातल्या जाळ्यांतून येतो. 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याबाबत करार केला, पुढे दोन्ही देशांच्या यंत्रणा मिळून दरवर्षी पकडीचा वाटा ठरवू लागल्या. मासा परतला आणि 1980च्या दशकात चार्टरचा धंदा फोफावला. 2015, 2018 आणि 2019 या वर्षांतल्या भरघोस पैदाशीने सरोवर पुन्हा भरले. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांचा प्रश्न मात्र कायम आहे: ऑगस्ट 2014 मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडोच्या सुमारे 5 लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले.

धक्क्यावर परतल्यावर मासे साफ करून देणाऱ्या दुकानापुढे रांग लागते. लांब, लवचीक सुरी कल्ल्यामागून घालून कण्यालगत शेपटीपर्यंत नेतात, कातडी सोलतात आणि बिनकाट्याच्या पांढऱ्या तुकड्या बर्फावर ठेवून देतात. मोठ्या माशाच्या गालाचे रुपयाएवढे दोन गोल तुकडे जाणकार आवर्जून मागून घेतात. पीठ किंवा बिस्किटाचा चुरा लावून तळलेला हा मासा मऊ आणि किंचित गोडसर लागतो, वास जवळजवळ नाहीच.