पॅरिश काउन्सिल म्हणजे चर्चची कमिटी नव्हे

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात राहायला गेलेल्या आपल्या लोकांकडून मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाचं नीट लिहूनच टाकतो. "गावात पॅरिश काउन्सिल आहे पण ते चर्चवाल्यांचं, आपला काय संबंध." अहो संबंध आहे, पुरता आहे. त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातायत, मत द्यायचा हक्क तुम्हाला आहे आणि नावात पॅरिश आहे एवढ्यावरून तुम्ही घरी बसताय.

चर्चची पॅरिश काय असते ते वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाला मी सांगायला नको, बाकीच्यांनाही साधारण माहिती असतंच. एक चर्च, एक फादर, त्याची ठरलेली हद्द. तिकडे फादरच्या जागी चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या अधिकृत राष्ट्रीय चर्चचा, व्हिकर किंवा रेक्टर, बाई पण असू शकते, आणि हल्ली एकाच व्हिकरकडे चार-पाच गावं असतात. झालं, पुढे चला.

दुसरी पॅरिश म्हणजे सिव्हिल पॅरिश. सरकारी रचनेतली सगळ्यात खालची पायरी, आणि तिची निवडून आलेली बॉडी म्हणजे पॅरिश काउन्सिल. इंग्लंडमध्ये अशा साधारण १०,००० आहेत. धर्माशी काडीचाही संबंध नाही. ग्रामपंचायत म्हटलं तर बरंचसं जवळ जातं, फक्त अधिकार आपल्या पंचायतीपेक्षा बरेच कमी.

मग नाव एकच का? इथेच सगळा घोळ आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कारण कित्येक शतकं या दोन गोष्टी खरंच एकच होत्या. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. १५५५ च्या कायद्याने गावातले रस्ते दुरुस्त करायचं काम पॅरिशच्या गळ्यात घातलं. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी आली आणि त्यासाठी घरटी कर बसवायचा अधिकारही आला. हे सगळं ठरवायची जी सभा असायची तिचं नाव व्हेस्ट्री, कारण ती भरायची चर्चच्या कपडे बदलायच्या खोलीत, आणि त्या खोलीचंच नाव व्हेस्ट्री. म्हणजे रस्त्यावरचा खड्डा, म्हातारी विधवा आणि चर्चचं गळकं छप्पर हे तिन्ही विषय एकाच टेबलावर.

ती एकजूट किती घट्ट होती ते बघायचं तर डर्बीशायरमधलं ईम गाव बघा. १६६५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे प्लेग आला, लंडनहून आलेल्या कापडातून आला असं सांगतात. पुढच्या वर्षी रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा प्युरिटन पाद्री थॉमस स्टॅनली या दोघांनी मिळून गावकऱ्यांना तयार केलं की कोणी गावाबाहेर जायचं नाही, म्हणजे रोग आजूबाजूच्या गावांत पसरणार नाही. बाहेरचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जायचे आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवायचे. चौदा महिन्यांत साधारण २६० माणसं गेली, त्यात मॉम्पेसनची बायको कॅथरीन पण होती, आणि ही नावं आज आपल्याला माहीत आहेत ती चर्चच्या वहीमुळेच. एका रेक्टरच्या शब्दावर अख्खं गाव थांबलं कारण गाव आणि पॅरिश यात तेव्हा फरकच नव्हता. मला हा भाग वाचताना दर वेळी गलबलून येतं.

पण गावात सगळेच चर्च ऑफ इंग्लंडचे राहिले नाहीत. मेथॉडिस्ट आले, बॅप्टिस्ट, क्वेकर होतेच, म्हणजे वेगळ्या पंथांचे ख्रिश्चन, आणि ते विचारायला लागले की तुमच्या चर्चच्या दुरुस्तीसाठी आम्ही कर का भरायचा. त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि शेवटी १८६८ मध्ये तो सक्तीचा चर्च कर गेला. गरिबांची जबाबदारी तर १८३४ लाच बरीचशी वर, अनेक पॅरिश मिळून केलेल्या मोठ्या युनियनकडे गेली होती. आणि मग १८९४ चा कायदा आला. ही तारीख लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. त्या कायद्याने गावकारभाराचा भाग व्हेस्ट्रीकडून काढून निवडून आलेल्या पॅरिश काउन्सिलकडे दिला, लग्न झालेल्या बायकांनाही मत द्यायचा आणि निवडून यायचा हक्क दिला, आणि चर्चचं चर्चकडे ठेवलं. चर्चच्या बाजूला पुढे १९२१ मध्ये वेगळी कमिटी आली, तिचं नाव पॅरोकियल चर्च काउन्सिल. म्हणजे एक पीसी आणि एक पीसीसी! एका अक्षराचा फरक. असं नाव ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता पैसे, म्हणजे ओळखायची खरी खूण. पॅरिश काउन्सिलचा पैसा येतो तुमच्या काउन्सिल टॅक्समधून, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करातून. बिलावर त्याची वेगळी ओळ असते, त्या रकमेला प्रीसेप्ट म्हणतात, आणि ती हिंदू, मुसलमान, नास्तिक सगळेच भरतात. त्यातून खेळाचं मैदान, बस शेल्टर, बाकडी, भाजीपाला लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे (अलॉटमेंट), कधी व्हिलेज हॉल, कधी गावाचं स्वतःचं कब्रस्तान. पीसीसीचा पैसा येतो दानातून, जत्रांमधून, मृत्युपत्रांमधून, आणि जातो चर्चच्या छपरात, हीटिंगमध्ये. पीसीसीचा अध्यक्ष व्हिकर, काउन्सिलचा अध्यक्ष सदस्य आपल्यातून निवडतात, व्हिकरला तिथे पदामुळे खुर्ची मिळत नाही, हवी असेल तर त्यानेही निवडणूक लढवावी. पॅरिश क्लार्क हा शब्दही तसाच फसवा, पूर्वी तो चर्चमध्ये पाद्र्यामागून प्रार्थनेतली उत्तरं म्हणायचा, आज तो काउन्सिलचा पगारी माणूस आहे.

आणि दोन्ही जिथे अजूनही एकमेकांत अडकलेत ती जागा म्हणजे भरलेलं चर्चयार्ड, चर्चभोवतीची दफनभूमी. दफनाला जागा उरली नाही की सरकारी आदेशाने ते अधिकृतपणे बंद करतात, आणि मग १९७२ च्या कायद्याप्रमाणे पीसीसी लेखी कळवून त्याची देखभाल पॅरिश काउन्सिलवर टाकू शकते, काउन्सिल तीन महिन्यांच्या आत ते वरच्या डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे ढकलू शकते. पण जमीन चर्चचीच राहते. त्यामुळे गवत काउन्सिल कापतंय, भिंत काउन्सिल बांधतंय, आणि थडग्याचा दगड हलवायचा असेल तर परवानगी चर्चची. हे बघितलं की लोकांना वाटतं बघा, एकच आहेत ना. नाहीत! एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत, एवढंच.

बाकीचे फरक पटकन. हद्दी जुळतीलच असं नाही. चर्चच्या पॅरिशने अख्खं इंग्लंड व्यापलंय, सिव्हिल पॅरिश बऱ्याच शहरांत नाहीच. वेल्समध्ये तिला कम्युनिटी काउन्सिल म्हणतात, कृपया तिकडे पॅरिश म्हणू नका. आणि रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी पॅरिश काउन्सिलवर ओरडू नका, ते काम वरच्या काउन्सिलचं, नवीन घरांची परवानगी सुद्धा वरूनच, पॅरिश काउन्सिल फक्त मत कळवतं.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतंय. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे वैध व्हिसावर राहणारा, वय १८ पूर्ण झालेला भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालून पॅरिश काउन्सिलला मत देऊ शकतो. आयएलआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळालेला माणूस उभाही राहू शकतो, वर्षभर त्या पॅरिशमध्ये किंवा तिच्या हद्दीपासून ३ मैलांच्या आत राहिलेला असला तरी पुरतं. खूप गावांत जागांपेक्षा उमेदवार कमी असतात आणि उरलेल्या जागा काउन्सिल स्वतःच माणसं घेऊन भरतं.

शिवाय दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात गावाची पॅरिश मीटिंग घ्यावी लागते, ती काउन्सिलची नाही, मतदारांची असते, आपल्या ग्रामसभेसारखी. तिची नोटीस गावातल्या बोर्डावर लागते. तिथे बोलायला आणि हात वर करायला मतदार यादीत नाव लागतं, चर्चच्या यादीत नाही.