आधी वजन, मग इंच: मुंबईतल्या फोर बाय फोर सस्पेन्शनची पार्श्वभूमी

मुंबईत कोणी नवी थार किंवा जिम्नी, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी फोर बाय फोर गाडी, घेतली की महिनाभरात सस्पेन्शनचा, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्या मधल्या स्प्रिंगांच्या मांडणीचा, विषय निघतोच. पहिला प्रश्नही ठरलेला: किती इंच लिफ्ट करू, म्हणजे मूळ उंचीपेक्षा किती वर उचलू? दोन की तीन? हा प्रश्न तसा अलीकडचा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या शहरात जीप आणि जिप्सी बाळगणारे लोक कमानवाल्याकडे, म्हणजे कमानपाट्यांचं (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) काम करणाऱ्याकडे, जायचे, तेव्हा तो आधी विचारायचा की गाडीत माणसं किती बसतात, माल किती भरता आणि पावसाळ्यात कुठे जाता. वजनाचा हिशोब मागे पडून उंचीचा कसा पुढे आला, आणि मधेच कायद्याने त्यात गाठ कशी मारली, त्याची ही हकिगत.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपची जोडणी सुरू झाली आणि पुढे कांदिवलीत कारखाना उभा राहिला. आराखडा महायुद्धातला: दोन्हीकडे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा), चारही चाकांना कमानपाटे. युद्धकाळातल्या जीपमध्ये पुढच्या डाव्या कमानीखाली एक छोटी जादा कमान असे. ब्रेक लागताना ॲक्सलला बसणारा पीळ तिने सोसायचा. कमान नुसतं वजन पेलत नाही, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवते, हे आराखडा करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. पुढे आपल्याकडे कमानींशी जे खेळ झाले त्यातले बरेचसे हीच गोष्ट विसरून झाले.

नव्वदच्या दशकापर्यंत मुंबईच्या आसपास सस्पेन्शन ‘वाढवणं’ म्हणजे पाटा वाढवणं. रायगडात आणि खाली कोकणात जिथे एसटी दिवसातून एकदाच यायची, तिथे वडापच्या जीपगाड्या माणसं कोंबून धावत. त्यांच्या मागच्या कमानी बसायच्या, गाडी ढुंगणावर टेकल्यासारखी दिसायची, आणि मालक एक जादा पाटा टाकून घ्यायचा. कळंबोली, भिवंडी, कुर्ला या पट्ट्यात ट्रकच्या कमानींचं काम करणारे कारागीर होतेच. जीपची कमान त्यांच्यासाठी किरकोळ काम.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. आधी कमानीला ॲक्सलशी आवळून धरणारे यू बोल्ट कापून काढतात. जुना यू बोल्ट चांगला कारागीर परत लावत नाही. मग सेंटर बोल्ट सोडून पाटे सुटे करतात आणि उतरत्या लांबीने जमिनीवर मांडतात. ज्याचा बाक गेला आहे तो पाटा ऐरणीवर थंडाच ठोकत नेतात, दर काही घावांनी शेजारच्या पाट्यावर धरून मधली फट डोळ्यांनी जोखतात. पाट्यांमध्ये ग्रीस भरून पुन्हा बांधतात. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी: शॅकलच्या (कमानीचं एक टोक चॅसीला टांगणाऱ्या झुलत्या कडीच्या) बुशचे नट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन कमानीवर आल्यावरच ते आवळायचे. तसं केलं नाही तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आज महागडं किट लावूनही कुरकुर करणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं याच पायरीत सापडतं.

१९८५ च्या अखेरीस जिप्सी आली आणि मुंबईच्या हौशी लोकांना पहिल्यांदाच हलकी, पेट्रोलवर चालणारी फोर बाय फोर मिळाली. वजन हजार किलोच्या आसपास. पण तिलाही चारही बाजूंना कमानपाटेच होते. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर वाढवलेली वाइड ट्रॅक जिप्सी आली, पुढे १.३ लिटरचं इंजिनही आलं. कमानी मात्र उत्पादन थांबेपर्यंत तशाच राहिल्या. परदेशात याच घराण्यातल्या गाड्या नव्वदच्या दशकातच कॉइल स्प्रिंगवर गेल्या होत्या. आपल्याकडे जिप्सीवाल्याला हाडं खिळखिळी करणारी चाल आणि ती मऊ करण्याची धडपड, दोन्ही एकत्रच मिळालं.

त्या धडपडीतून तीन उपाय रूढ झाले. पहिला, कमानीतला एखादा पाटा काढून टाकणं. चाल लगेच मऊ व्हायची, पण चार माणसं आणि सामान घेऊन माळशेजला निघालं की मागची बाजू बंप स्टॉपवर (ॲक्सलची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळायची. दुसरा, लांब शॅकल. यात हिशोब सोपा आहे: शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एक इंच उचलली जाते, कारण कमानीचं एकच टोक वर जातं. पण पुढच्या ॲक्सलचा कोन त्यामुळे बिघडतो, कॅस्टर (चाकांना सरळ धरून ठेवणारा स्टिअरिंगच्या आसाचा तिरका कोन) कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भटकू लागतं. तिसरा उपाय मोठ्या हिमतीचा. जिप्सीचा ॲक्सल मुळात कमानीच्या वर बसतो. बैठका नव्याने वेल्ड करून कमानच ॲक्सलच्या वर घ्यायची. एका फटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. दिसायला रुबाब येतो, शर्यतींच्या मैदानात उपयोगही होतो. पण ब्रेक लागला की ॲक्सल पीळ खातो, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. ते वेल्डिंग कोणी केलं यावर गाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो. असं काम मुंबईत अनेक गॅरेजांत झालं आणि सगळीकडे ते चांगलं झालं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण ‘किती इंच’ या प्रश्नाचं मूळ तिच्यात आहे. सलग ॲक्सलच्या गाडीत सस्पेन्शन कितीही उचला, डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गोल गिअरपेटीच्या) खालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही टायरच्या वाढीव व्यासाच्या निम्मी. लिफ्टचं खरं काम मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा करून देणं आणि चॅसीचं पोट दगडापासून वर ठेवणं एवढंच. मोठा टायर लावायचाच नसेल तर तीन इंच कशासाठी, याचं उत्तर मला आजवर पटेल असं मिळालेलं नाही.

बाहेरच्या जगात तोवर दोन वेगळ्या परंपरा तयार झाल्या होत्या. अमेरिकेत खडकांवरून हळूहळू चढण्याचा खेळ वाढला, त्यातून उंच लिफ्ट आणि ॲक्सलची जास्तीत जास्त लवचीकता आली. ऑस्ट्रेलियात प्रश्न निराळा होता: शेकडो किलोमीटर खडबडीत कच्चा रस्ता, पाठीवर पाणी, इंधन, सामान. तिथल्या कंपन्यांनी स्प्रिंग वजनावर विकल्या. गाडीवर कायमचा बोजा किती, ते सांगा. त्याप्रमाणे हलकी, मध्यम किंवा भारी स्प्रिंग घ्या. उंची दीड-दोन इंच वाढते, पण ती ओघाने. स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या शॉकमधलं तेल सतत हादऱ्यांनी तापून पातळ होतं आणि शॉक निकामी होतो, हा तिथला रोजचा अनुभव. म्हणून जाड नळीचे, गॅस भरलेले शॉक आले. आपल्याकडे माल आला तो जास्त करून ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, पण हौस आली ती अमेरिकन चित्रांवरून.

२०१० मध्ये थार आली तेव्हा हा विरोधाभास उघड दिसला. तिच्या सीआरडीई नावाच्या प्रकारात मागे कमानपाटे आणि पुढे टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर) चालणारं स्वतंत्र सस्पेन्शन होतं. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं, खर्च जवळपास शून्य. हजारो रुपये न घालता लिफ्ट मिळते म्हणून हा उपाय वणव्यासारखा पसरला. प्रत्यक्षात बार आवळल्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, नुसती वर-खाली वाटणी बदलते. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यात ते हवेत लटकतं, आणि चाकाला ताकद पोहोचवणारे सीव्ही जॉइंट (लवचीक सांधे) कायम तिरक्या कोनात फिरून त्यांवरचे रबरी बूट फाटतात. घोडबंदर रोडच्या पावसाळी खड्ड्यांत अशा गाड्या मूळ गाडीपेक्षा वाईट चालत.

आता कायद्याची गाठ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळात बऱ्यापैकी सैल होतं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा तर आधी आरटीओला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची, एवढीच अट होती. ॲक्सेसरीज लावल्याने किंवा काढल्याने गाडीचं वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलत असेल तर त्या मंजुरीचीही गरज नव्हती. म्हणजे हजार किलोच्या जिप्सीवर वीस किलोपर्यंत मोकळीक. २००० साली हे कलम बदललं. नवी भाषा अशी की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि प्रमाणपत्रात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. सोबत स्पष्टीकरण जोडलं: बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं.

पुढची अठरा-एकोणीस वर्षं मुंबईत याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळत होतं, लागत होतं. मग जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रकरण केरळमधलं होतं, आणि त्यात कमान, शॉक, लिफ्ट यांचा संबंध नव्हता. राज्याच्या नियमांच्या आधारे मूळ नमुन्यापासून वेगळी बॉडी चालेल का, असा वाद होता. न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने प्रमाणपत्रातल्या नोंदीसाठी जे तपशील दिले आहेत ते बदलता येणार नाहीत. बाकीचे तपशील रीतसर नोंद करून बदलता येतील. दुसऱ्या दिवशी मथळे आले ते ‘गाडीत कुठलाही बदल बेकायदा’ असे. लोकांनी मथळे वाचले. निकाल फार थोड्यांनी वाचला.

तेव्हापासून दोन अर्थ शेजारी शेजारी नांदताहेत. एक कडक: उत्पादकाने बसवलेला प्रत्येक भाग हा मूळ तपशील, त्यामुळे स्प्रिंगही बदलायची नाही. दुसरा शब्दांना धरून चालणारा: खासगी गाडीच्या प्रमाणपत्रात रंग, आसनं, इंजिनाची क्षमता, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन असे रकाने असतात, स्प्रिंगच्या जाडीचा किंवा शॉकच्या लांबीचा रकाना नाही. मूळ उंचीच्या जवळपास राहणारी चांगली स्प्रिंग आणि शॉक लावल्याने ना रचना बदलते ना मूलभूत वैशिष्ट्य. मला दुसरं वाचन पटतं. थकलेला मूळ शॉक काढून त्याहून चांगला बसवलेली गाडी जास्त सुरक्षित असते, आणि कायद्याचा उद्देश सुरक्षितताच आहे. पण वेल्डिंग करून कमान ॲक्सलवर चढवलेली गाडी मात्र कुठल्याही वाचनात सुटत नाही, आणि सुटूही नये. दुःख याचं की मथळ्यांनी दोन्हींना एकाच गोणीत घातलं. जबाबदारीने काम करणारे काही जण त्यानंतर बिल द्यायला कचरू लागले, आणि बिलच नसेल तर कारागिराला जाब कसा विचारणार?

२०१९ च्याच कायदादुरुस्तीत दंडही वाढला: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बुल बारवर (गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी संरक्षक दांड्यांवर) बंदीचा आदेश आलेला होताच. विम्याचा मुद्दा वेगळा. बदल कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्यात वाद निघू शकतो, म्हणून किट लावल्यावर लेखी कळवून ठेवणं शहाणपणाचं.

ऑक्टोबर २०२० ची थार आणि जून २०२३ ची जिम्नी यांनी चित्र पालटलं. थारला पुढे डबल विशबोन (दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी मांडणी), मागे सलग ॲक्सलवर मल्टिलिंक (अनेक दांड्यांची मांडणी), चारही कोपऱ्यांत कॉइल. ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर. जिम्नीला २१० मिलिमीटर, दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि थ्री-लिंक मांडणी. या गाड्या कमानींच्या जमान्यातल्या उणिवा घेऊन आलेल्या नाहीत. २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये तर मागे वॉट्स लिंकेज (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी जोडणी) आणि हादऱ्याच्या वारंवारतेप्रमाणे बदलणारे डॅम्पर, म्हणजे शॉक, कारखान्यातूनच आले. एकेकाळी ज्यासाठी आयात किट मागवावं लागे, त्यातलं बरंच काही शोरूममध्येच मिळू लागलं.

त्यामुळे निवडीचे प्रश्नही बदलायला हवे होते. जिम्नी दोन इंच उचलली की पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चॅसीशी बांधणारा आडवा दांडा) ॲक्सलला बाजूला ओढतो. ॲडजस्टेबल रॉड लावून तो मध्यावर आणावा लागतो. पुढचा कॅस्टरही कमी होतो आणि द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग हलकं, अस्थिर वाटतं. त्यासाठी वेगळे बुश लागतात. थारमध्ये पुढे दोन इंचांपलीकडे गेलं की सीव्ही जॉइंटचा कोन आड येतो. नुसती स्प्रिंग विकून हा हिशोब न सांगणारा दुकानदार अर्धं काम विकतो. आणि मुंबईकराची गाडी वर्षभरातला बहुतेक वेळ डांबरावर असते: राजमाचीच्या वाटेवर दोन तास घालवण्यासाठी शंभर किलोमीटर डांबर कापावं लागतं. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि लोखंडी बंपर लावून नाकावर ऐंशी-शंभर किलो वाढवले असतील तर पुढे भारी स्प्रिंग हवीच. काहीच वाढवलं नसेल तर तीच भारी स्प्रिंग गाडीला दगडासारखी कडक करते आणि चाक जमीन सोडतं. कमानवाल्याचा जुना प्रश्न आजही पहिला विचारायला हवा.

२०१० च्या थारांच्या पहिल्या खेपेला २०२५ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. त्या गाड्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली इथल्या तपासणीला येऊ लागल्या आहेत. २०१९ चा वाद त्यामुळे निरीक्षकाच्या हातात आला आहे, आणि तो कुठलं वाचन धरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मूळ स्प्रिंग आणि शॉकचा संच भंगारात देऊ नये, तेल लावून बांधून ठेवावा. नव्या किटचं बिल, त्यावर भागांचे क्रमांक आणि काम करणाऱ्या गॅरेजचा शिक्का प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच असावा.