पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस: एक केव्हा घ्यायचं, दुसरं केव्हा

नागपुरात कॅन्सरच्या पेशंटला ‘पॅलिएटिव्हला दाखवून या’ असं सांगितलं की बरोबर आलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात. डॉक्टरांनी हात टेकले, असाच त्याचा अर्थ बहुतेक घरांत लावला जातो. काही जण तो कागद घडी घालून पिशवीत टाकतात आणि दुसऱ्या दवाखान्याची चौकशी सुरू करतात. पेशंटच्या दुखण्यावर इलाज करणारी माणसं त्याच इमारतीत असतात, पण तिथवर कोणी जात नाही.

मुळात इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर, दोन्हींत दुखणं कमी करतात, दोन्हींत नर्स आणि समुपदेशक असतात, त्यामुळे एकच वाटतात. पण त्यांची वेळ वेगळी आहे आणि ती चुकली की माणूस महिनोन्‌महिने विनाकारण तळमळतो. हे मी लिहितोय ते त्या टाळता येण्यासारख्या तळमळीसाठी.

हॉस्पिस समजायला सोपं. आजार बरा करण्याचे उपचार थांबलेत, हाती काही आठवडे किंवा थोडे महिने आहेत, अशा माणसाची शेवटपर्यंतची देखभाल म्हणजे हॉस्पिस. ती एखाद्या संस्थेत होते किंवा घरीही होते. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून आजची पद्धत रुजली. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना, १९८६ चं. नागपुरात स्नेहांचल कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी असंच काम करतं. अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिस हवं असेल तर सहा महिन्यांहून जास्त आयुष्य उरण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, आणि त्या आजारावरचे बरे करणारे उपचार पेशंटला सोडावे लागतात. हा नियम तिथल्या विम्याचा आहे. आपल्याकडे पॅलिएटिव्ह ओपीडीत पाय ठेवला म्हणून कोणी केमो बंद करत नाही.

पॅलिएटिव्ह केअरला मुदत नसते. मोठा आजार निघाला त्या दिवसापासून ती घेता येते. केमो चालू, रेडिएशन चालू, डायलिसिस चालू, आणि त्याच्या बरोबरीने दुखणं, धाप, उलट्या, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, भीती, घरातली पैशांची ओढाताण, या सगळ्यांकडे लक्ष देणारं कोणीतरी. शेवटच्या आठवड्यांत हीच काळजी हॉस्पिसचं रूप घेते. म्हणजे हॉस्पिसमध्ये जे मिळतं ते पॅलिएटिव्हच, पण पॅलिएटिव्ह घेणारा प्रत्येक पेशंट शेवटाला आलेला असतो असं नाही. पुष्कळ जण बरे होऊन घरी जातात.

आणखी एक गुंता डिस्चार्ज कार्डावर असतो. तिथे कधी ‘पॅलिएटिव्ह केमो’ लिहिलेलं असतं. ही केमो गाठ आवळून त्रास कमी करण्यासाठी आणि जमलं तर आयुष्य वाढवण्यासाठी असते, आजार मुळापासून काढण्यासाठी नसते. हे घरच्यांना तोंडाने समजावून सांगायला हवं. कार्डावरचा एक शब्द त्यासाठी पुरत नाही.

लवकर सुरुवात केल्याने फरक पडतो, हे तपासून पाहिलं गेलंय. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातले लोक कमी उदास होते, अखेरच्या दिवसांत त्यांनी जड उपचार कमी घेतले आणि तरी ते जास्त जगले. पहिल्या गटातले निम्मे पेशंट ८.९ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून. ‘पॅलिएटिव्ह म्हणजे सोडून देणं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे सांगतो.

विदर्भाचंच उदाहरण घ्या. इथे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, पानठेल्या-पानठेल्यावर घोटला जातो आणि तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट घरोघरी ऐकू येतात. गालाची जखम चिघळते, तिला वास येतो. मग नातवंडांना त्या खोलीत जाऊ देत नाहीत, ताट दारातून आत सरकवलं जातं, आणि तो माणूस हळूहळू बोलणंच बंद करतो. मेट्रोनिडाझोलची साधी, स्वस्त गोळी बारीक करून जखमेवर कशी पसरायची हे पॅलिएटिव्हची नर्स दाखवून देते. वास बराच कमी होतो आणि नातू पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसतो. यात शेवटच्या स्टेजची वाट बघण्यासारखं काय आहे? जखम झाली त्याच आठवड्यात हे करता आलं असतं.

आता कोणाला काय मिळतं ते पाहू, कारण खरा अन्याय तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. ज्यांना मिळते त्यांतही आजार पाहून डावं-उजवं होतं. गरज असलेल्या प्रौढांमध्ये सर्वाधिक रुग्ण हृदयविकाराचे असतात, ३८.५ टक्के, कॅन्सर ३४ टक्क्यांवर आहे, दीर्घ श्वसनविकार १०.३ टक्क्यांवर. तरी आपल्याकडे पॅलिएटिव्ह म्हटलं की कॅन्सरच. कारण ही सेवा कॅन्सरच्या दवाखान्यांच्या आधाराने वाढली. नागपुरात मानेवाडा रस्त्यावरचं तुकडोजी आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट कोणालाही माहीत असतं. पण हृदय थकून पाय सुजलेली आजी, दोन पावलं चालली की धाप लागणारे काका, लकव्याने खाटेला खिळलेला माणूस, यांना ‘पॅलिएटिव्हला जा’ असं सांगतं कोण? ते आयसीयूत जातात, सुटून घरी येतात, पुन्हा आयसीयूत जातात. धाप कमी करायला मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची, छोटी मात्रा उपयोगी पडते, हे त्यांच्या घरच्यांच्या कानावर कधी येतच नाही.

सिकलसेलचं तर मला फार वाईट वाटतं. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की हाडं फुटतील असं दुखतं, आणि पेशंट लहान मूल किंवा कॉलेजातली पोर असते. त्यांना हॉस्पिसची गरज नाही, वेदना नीट आवरणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमची आहे. दोन्ही एकच समजल्याने ही मुलं कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

मग अंतर. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या आवारात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ आणि छिंदवाडा-बालाघाटकडचे पेशंट भेटतात. गडचिरोली शहर इथून सुमारे १७० किलोमीटर, भामरागड आणि सिरोंचा त्याच्याही बरेच पुढे. उपचार थांबले की एवढ्या दूरच्या पेशंटला शहरातल्या हॉस्पिसचा उपयोग जवळपास नाहीच; आणि आपल्या माणसाने आपल्याच घरात, गावाजवळ डोळे मिटावेत असं घरच्यांनाही वाटतं. म्हणून गावात पोचणारी सेवा हवी. केरळने १९९३ मध्ये कोझिकोडपासून सुरुवात केली, २००८ मध्ये राज्याचं धोरण आणलं, आणि तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स घरी जाते. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. आयुष्मान आरोग्य मंदिरांना, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांना, ठरवून दिलेल्या १२ सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजीही येते. म्हणजे आपल्या गावच्या केंद्रातल्या सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे) आणि आशाताईंकडे हे मागणं आपला हक्क आहे. मागितल्याशिवाय ते मिळेल, असं मात्र समजू नका.

मॉर्फिनची गोष्ट सगळ्यात बोचते. त्यासाठी लागणारी अफू आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने हे सोपं झालं: मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. तरीही मान्यता नसलेल्या ठिकाणी ते मिळत नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये तर नाहीच. घरात भीती वेगळीच, सवय लागेल, जीव लवकर जाईल. वेदनेच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. बद्धकोष्ठता नक्की होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं.

एक दरी घरातल्या घरातही आहे. नवरा खाटेवर असला तर बायको रात्री उठून त्याला कुशीवर वळवते, पाठीला जखमा होऊ देत नाही. तीच आजारी पडली की दुखणं अंगावर काढते, आणि तिच्यासाठी नागपूरची खेप ‘पुढच्या महिन्यात बघू’ होते.

हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर, यांपैकी काहीही म्हणजे इच्छामरण नव्हे, एवढंही सांगून ठेवतो. जगवून ठेवणारी यंत्रणा नको असं आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केला. जानेवारी २०२३ पासून त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष चालते. पॅलिएटिव्ह केअर घ्यायला असा कुठलाही कागद लागत नाही.

‘त्यांना काही सांगू नका हं’ म्हणून जे घर पॅलिएटिव्हचं नावसुद्धा टाळतं, त्यांनी ‘दुखणं कमी करणारे डॉक्टर’ म्हणून नेलं तरी चालेल. पेशंटला किती आणि केव्हा सांगायचं, हे ती टीम तुमच्याशी बोलून ठरवते. फक्त पहिल्या केमोच्या सुमाराला न्या, शेवटच्या ॲम्ब्युलन्सची वाट पाहू नका. आणि घरी परतण्याआधी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: मॉर्फिन संपलं तर ते आपल्या जिल्ह्यात कुठे मिळेल, रात्री धाप लागली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि गावच्या केंद्रातल्या सीएचओला दाखवायची चिठ्ठी मराठीत मिळेल का.