ज्यूंनी विहिरींत विष कालवलं नव्हतं

युरोपातला १३४८चा प्लेग ज्यूंनी विहिरींत विष कालवल्यामुळे पसरला, हा आरोप धादांत खोटा आहे. 'कबुलीजबाब' होते, पण छळ करून वदवून घेतलेले. ज्यूही प्लेगने मरताहेत आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही साथ आहे, असं खुद्द पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी बजावलं. ऐकलं कोणी? खरा गुन्हेगार जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला. त्यावर १८९७मध्ये मुंबईत लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन ज्यूच होते.

१४ फेब्रुवारी १३४९ला स्ट्रासबर्ग शहरात (आज फ्रान्समध्ये) शेकडो ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत, लाकडी मचाणावर जिवंत जाळलं. साथ तर शहरात पोचलीही नव्हती! ज्यूंकडून घेतलेली कर्जं माफ झाली, त्यांच्याकडे गहाण ठेवलेल्या वस्तू परत मिळाल्या, ज्यूंची रोकड कारागिरांत वाटली गेली.