क्रमनिरपेक्षता

दोन घटकांवर करायच्या गणिती क्रियेचा एक गुणधर्म. संचातील कोणत्याही अ आणि ब साठी अ∗ब = ब∗अ असेल, तर ∗ ही क्रिया त्या संचावर क्रमनिरपेक्ष ठरते. संख्यांची बेरीज व गुणाकार क्रमनिरपेक्ष आहेत. वजाबाकी व भागाकार नाहीत. मुंबईतील मराठी शाळांत मुले ‘चार साते अठ्ठावीस’ आणि ‘सात चोक अठ्ठावीस’ दोन वेगळ्या पाढ्यांत घोकतात. वहीत चार ओळींत सात-सात ठिपके काढून वही आडवी केली की सात ओळींत चार-चार दिसतात, हे त्यांना दाखवायलाच हवे.

प्राचीन ईजिप्तमधील गणक सोयीसाठी गुण्य व गुणक यांची अदलाबदल करीत, असे मानले जाते. तथापि अदलाबदल करणे आणि ती नेहमीच चालते हे सिद्ध करणे यांत अंतर आहे. सिद्धतेचा मान यूक्लिडकडे (इ. स. पू. सुमारे ३००) जाणे अधिक युक्त वाटते, त्याच्या ग्रंथाच्या सातव्या खंडातील १६ वे विधान नेमके हेच सांगते. यूरोपीय भाषांतील रूढ संज्ञा (इंग्रजीत ‘कम्यूटेटिव्ह’) मात्र १८१४ च्या सुमाराची. फ्रेंच गणिती सेर्व्हवा यांनी ती वापरली, आणि तीही संख्यांसाठी नव्हे, तर एकापाठोपाठ एक लावलेल्या फलनांसाठी. गुणधर्म क्रियेचा असतो, संख्यांचा नव्हे, ही जाण या संज्ञेच्या जन्मातच आहे.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी आयरिश गणिती हॅमिल्टन यांना डब्लिनमध्ये चतुर्दल संख्या (चार घटकांनी बनलेल्या संख्या) सुचल्या. त्यांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व आहे. इंग्रज गणिती केली यांच्या १८५८ च्या निबंधातील सारणींच्या (ओळी व स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या, इंग्रजीत ‘मॅट्रिक्स’) गुणाकाराचेही तसेच. क्रमाने पडणारा असा फरक काडेपेटीवरही दिसतो. ती छाप वर करून ठेवावी. आधी उजवीकडे, मग पलीकडे कलंडवली तर छाप उजव्या बाजूला राहतो. क्रम उलटला तर पलीकडच्या बाजूला.

साहचर्याशी, म्हणजे (अ∗ब)∗क = अ∗(ब∗क) या गुणधर्माशी, क्रमनिरपेक्षतेची गल्लत नेहमी होते. दोन संख्यांची सरासरी काढणे क्रमनिरपेक्ष आहे, पण साहचर्य नाही : २ व ४ यांच्या सरासरीची ८ शी सरासरी ५.५; ४ व ८ यांच्या सरासरीची २ शी सरासरी ४.

ज्यांत गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो अशा वलयांचा (बेरीज, वजाबाकी व गुणाकार करता येणाऱ्या संचांचा) अभ्यास म्हणजे क्रमनिरपेक्ष बीजगणित; त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. बहुपदींच्या वलयांविषयी फ्रेंच गणिती सेर यांनी १९५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे दोन चलांपुरते उत्तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दिले. क्विलन व सुस्लिन यांनी सर्व चलांसाठी स्वतंत्रपणे सिद्धता दिली, ती १९७६ मध्ये.